मधली चौदा वर्षं

शामला आणि हर्षा सख्ख्या बहिणी आहेत असं सांगितलं, की नागपूरच्या प्रताप नगरातल्या त्या गल्लीतल्या बायका आधी एकीकडे बघायच्या, मग दुसरीकडे, आणि मनातल्या मनात वजाबाकी करून म्हणायच्या, "बरंच अंतर दिसतं." बोलण्यात वावगं काही नव्हतं, पण शामलाला ते दरवेळी लागायचं. बाजारात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात लोकांनी हर्षाला तिची मुलगी समजावं याची तिला सवय झाली होती, आणि स्वतःचं मूल नसल्यामुळे एके काळी त्यात थोडं सुखही वाटलं होतं. पुढे मात्र तिच्या लक्षात आलं, की धड मुलगी नाही आणि धड बहीणही नाही, असं काहीतरी अधलंमधलं नातं आपल्या वाट्याला आलं आहे.

अंतर चौदा वर्षांचं होतं. नरखेड तालुक्यातल्या एका गावात, वडिलांच्या, चंद्रभानजींच्या संत्र्याच्या मळ्यात, शामला चौदा वर्षं एकटीच वाढली. मधल्या काळात आईची, कुसुमावतीबाईंची, तीन बाळंतपणं वाया गेली, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना, शामला आठवीत असताना हर्षा झाली. आईनं त्यानंतर सहा महिने अंथरूण धरलं. बाळाला वाटी-चमच्यानं दूध पाजणं, टाळू भरणं, दृष्ट काढणं, कडेवर घेऊन मळ्यातून हिंडवणं, सगळं शामलानं केलं. एवढं केल्यावर त्या मुलीनं पुढे आपल्याशी मनातलं बोलावं एवढीच तिची अपेक्षा होती, आणि ती काही फार नव्हती. पण जिनं आपलं नाक पुसलं तिच्याजवळ गुपित ठेवायला कुणाला आवडत नाही. हर्षा तिला शामाताई म्हणायची, पण शाळेतल्या बाईंना हाक मारावी तशी. हर्षानं पुण्यात नोकरी धरली, लग्न ठरवलं आणि पुढे ते मोडलं, हे सगळं शामलाला आईकडून कळलं, आणि तेही उशिरा.

शेजारच्या मळ्यात दोघी बहिणी होत्या, दीड वर्षाच्या अंतराच्या. दिवसभर एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या आणि झोपताना एकाच गोधडीत शिरायच्या. आज त्याही पन्नाशी उलटलेल्या, एक काटोलला, एक वरुडला. पण एखाद्या लग्नात भेटल्या की तोंडाला पदर लावून अशा काही हसतात, की जवळ बसलेल्याला आपण उठून जावं असं वाटतं. शामलाला आयुष्यात कुणाचा हेवा वाटला असेल तर तो या दोघींचा. साड्या, दागिने, लेकरंबाळं, कशाचाच तिला एवढा वाटला नाही.

या वर्षी जूनमध्ये हर्षा बदली घेऊन नागपूरला आली. काम मिहानमधल्या कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. शामलाकडे वरची खोली रिकामी होती. आई तर दोन वर्षांपूर्वीच, चंद्रभानजी गेल्यावर, मळा बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला देऊन इथं राहायला आलेली; पंचाहत्तरीला टेकली होती, पण डोकं असं लख्ख, की गल्लीत कुणाकडे सिलेंडर कधी आलं हेही तिच्याकडून समजावं. शामलाचे यजमान रविंद्र एस.टी.तून निवृत्त झालेले, तिकीट फाडून द्यावं तसं मोजकं बोलणारे. शामला स्वतः सीताबर्डीच्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावायची. घर चार माणसांचं झालं, पण घरातलं बोलणं काही वाढलं नाही.

ते वाढलं आखाडातल्या एका दुपारी. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. शामला जमिनीवर साडी पसरून बसली होती आणि हर्षा, कधी नव्हे ती, शेजारी येऊन सुईत दोरा ओवून देत होती. दोरा ओवता ओवताच ती म्हणाली, "शामाताई, आईचं जोडवं तू ज्या आळ्यात टाकलंस ना, ते झाड अजून आहे का गं?"

शामलाचा हात थांबला. मळ्यात संत्र्याची पहिली कलमं लावली तेव्हा ती सहा वर्षांची होती. पाय धुताना आईनं दगडावर काढून ठेवलेलं जोडवं तिनं खेळता खेळता एका कलमाच्या आळ्यात टाकलं, वरून माती लोटली, आणि मग ते कुठलं आळं हेच तिला सापडेना. आईनं आठ दिवस शोधलं. शेवटी मजुरीला येणाऱ्या एका बाईवर आळ आला आणि चंद्रभानजींनी तिला कामावरून काढलं. ती बाई रडत बांधावरून गेली ते शामलानं आंब्याआडून पाहिलं होतं. हे तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, रविंद्रला नाही, देवापुढेसुद्धा कधी नाव घेऊन नाही.

"तुले कोणं सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? तू जोडवं टाकलंस आणि माती मी लोटली," हर्षा सुई तिच्या हातात देत म्हणाली. "मी कुणाला बोलले नाही. तूपण नको बोलूस."

कलमं लावली त्यानंतर आठ वर्षांनी हर्षा जन्मली होती. हे शामलाला त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं. झोपेत आपण कधी बरळलो असू, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण त्याच वेळी पन्नास वर्षं एकटीनं वाहिलेलं ओझं कुणीतरी एका बाजूनं उचललं होतं, आणि तिला रडू आलं. हर्षानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. हा हात तिच्या पाठीवर पूर्वी कधी फिरला नव्हता, म्हणून वजाबाकीचं तिनं तिथंच सोडून दिलं. चुकलं असेल तर तिथं तिचं चुकलं.

त्यानंतरच्या दुपारी फार सुखाच्या गेल्या, हे कबूल करायला हवं. आता शामलाच विषय काढायची. "बाजाराच्या दिवशी एस.टी. चुकली होती, तुले आठवते काय?" हर्षा डोळे किंचित बारीक करायची, जुन्या ट्रंकेत हात घालून चाचपडावं तशी थोडी थांबायची, आणि मग तिला आठवायचं. नुसतं आठवायचं नाही, तर शामला विसरलेलं काहीतरी ती त्यात घालायची. बाबांच्या हातातली पिशवी फाटकी होती, आणि रस्त्यावर सांडलेली वांगी आपण दोघींनी वेचली. आणि खरंच, शामलाला ती वांगी दिसायची. ज्या मळ्यात ती चौदा वर्षं एकटी झाडांशी बोलत हिंडली होती, त्या मळ्यात आता दुसरं कुणी धावत होतं. तोंडाला पदर लावून दोघी हसल्या, की आतून आई ओरडायची, "काय वं पोट्ट्यांनो, झोपू द्या जरा." शामलाला पंचावन्नाव्या वर्षी पोट्टी म्हणवून घेणं एवढं गोड लागलं, की हर्षानं ताई म्हणणं कधी सोडलं आणि नुसतं शामा म्हणणं कधी धरलं, हे तिनं मुद्दाम लक्षात घेतलं नाही.

आखाडात हर्षा त्या आठवणींमध्ये मागून चालत यायची. पोळ्याला दोघी एका उंचीच्या होत्या. पितृपक्षात ती शामलाचा हात धरून पुढे चालू लागली होती.

शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट निघाली तेव्हा शामलाला पहिल्यांदा भीती वाटली. "तू फाटकापाशी बसूनच घेतलं होतं," हर्षा म्हणाली. तिचं पुण्याचं बोलणंही आता उतरत चाललं होतं. "मीच तुले ओढत नेलं. गंज रडली तू, थांबतच नव्हती." शामलाला फाटक आठवत होतं, रडणं आठवत होतं, आणि तिचा हात धरलेला हातही. तो बाबांचा होता. मोठा, खरखरीत, तंबाखूचा वास असलेला. त्या रात्री आणि नंतर कितीतरी दिवस तिनं तो हात आठवून पाहिला, पण आता तिथं हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेला एक लहान हात होता, तिच्या हातापेक्षा थोडा मोठा, आणि तंबाखूचा वास कुठंच नव्हता. मग तिनं बाकीच्या आठवणी चाचपून पाहिल्या. जी जी हर्षासोबत वाटून घेतली, तिच्यातून आई-बाबा थोडे मागे सरकले होते. कशात पाठमोरे, कशात नुसताच आवाज. बापाच्या मायेचं जे काही तिच्याजवळ शिल्लक होतं ते हेच, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं, हौसेनं काढून दिलं होतं.

तिनं विषय काढणं बंद केलं, पण आता हर्षाला विचारायची गरज उरली नव्हती. ती आपणहून सांगायची, आणि जे सांगायची ते शामलाला मुळीच आठवत नसायचं. एका दुपारी न राहवून शामला म्हणाली, "हर्षा, तू नव्हती वं तेव्हा. तू झालीच नव्हती." हर्षा रागावली नाही. लहान मुलानं काही हट्टाचं बोलावं आणि मोठ्यानं ते सोडून द्यावं, तशी तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं, असू दे."

मग दसरा आला. संध्याकाळी रविंद्र आपट्याची पानं घेऊन सीमोल्लंघनाहून परतले. सासूबाईंच्या हातावर सोनं ठेवून पाया पडले, आणि वळून दारापाशी उभ्या असलेल्या हर्षाच्या हातावर पानं ठेवून तसेच खाली वाकले. आमच्याकडे बायकोची मोठी बहीण सासूच्या जागी. तिच्या पाया पडायचं, तिच्यापुढे मोठ्यानं हसायचंही नाही. धाकटी असली तर तिची थट्टा करायची, आणि पाया पडायचं तर नावच नको. हे कुणाला शिकवावं लागत नाही, अंगातच असतं, आणि माणूस चहाचा कप उजव्या हातानं उचलावा इतक्या सहज ते करतो. रविंद्र तितक्याच सहज वाकले. हर्षानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा" म्हणाली. आई कौतुकानं बघत होती.

शामलानं त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही हर्षाच्या पाया काहून पडले?"

"दसरा आहे. पडाच लागते," रविंद्र म्हणाले.

"आपल्या लग्नात आठ वर्षांची होती ती. तुमचे जोडे लपवले होते तिनं."

रविंद्र थांबले. त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि क्षणभर शामलाला वाटलं की आता ते हसतील आणि सगळं जागच्या जागी येईल. "जोडे लपवले होते खरे कोणीतरी," ते म्हणाले. "हर्षाबाई तर मांडवात तुह्या मागं उभ्या होत्या. त्यायनंच तुले धरून आणलं." एवढं बोलून ते पाणी पिऊन निघून गेले. हर्षाला ते आजवर अगं-तुगं करत आले होते.

शामलानं कपाटातून दोघींचे शाळेचे दाखले काढले. गावच्या गुरुजींनी सगळ्याच मुलांना एक जुलै ही तारीख टाकलेली, दोघींचीही तीच. वर्षं मात्र वेगळी होती, एकोणीसशे सत्तर आणि एकोणीसशे चौऱ्याऐंशी. ती बोटांवर मोजून पाहू लागली. चौदा. पुन्हा मोजलं, चौदाच. पण त्यानं तिला धीर आला नाही, कारण दाखला गुरुजींच्या अंदाजानं लिहिलेला. खरी गोष्ट एकाच माणसाला ठाऊक असते, आणि ते माणूस बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत बसलं होतं. शामलानं तीनदा त्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. आई, आधी कोण झालं, एवढंच विचारायचं होतं. तिची हिंमत झाली नाही.

विचारावं लागणारच नाही, अशी तिनं मग स्वतःची समजूत घातली. पाच दिवसांवर कोजागिरी होती. कोजागिरीच्या दिवशी घरातल्या पहिल्या लेकराला ओवाळायचं, नवं वस्त्र द्यायचं, ही रीत आईनं एक वर्ष चुकवली नव्हती. लग्न झाल्यावरही शामला त्यासाठी गावी जायची. मधे जे तीन जीव आले-गेले त्यांच्या दुःखातही आईनं पाट मांडला होता, आणि हर्षा पोटात असताना जड अंगानं उभी राहून ओवाळलं होतं. हर्षा लहानपणी त्या पाटासाठी रडायची, तेव्हा आई तिला समजवायची की हा मान पहिलीचा, तो मागून मिळत नाही. एवढा एकच मान शामलाच्या नावावर होता. आई त्या दिवशी जिला ओवाळेल ती मोठी, आणि मग रविंद्र काही म्हणोत, हर्षाला काही आठवो.

त्या दिवशी तिनं चारलाच अंगण झाडून घेतलं. बैठकीत पाट ठेवला, भोवती रांगोळी घातली, निरांजनात वाती घातल्या. रविंद्र गच्चीवर सतरंजी अंथरायला गेले होते. गॅसवर दूध आटत होतं. चंद्र निघायला वेळ होता. बाहेर अजून पोरं क्रिकेट खेळत होती. आई तबक घेऊन आतून येते आहे असं दिसताच शामला घाईघाईनं जाऊन पाटावर बसली. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखत असताना, कुणी जागा पळवेल म्हणून मांडी घालून बसली, याची तिला स्वतःलाच लाज वाटली. पण ती उठली नाही.

आई समोर येऊन थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरी आलेल्या अनोळखी पाहुणीनं चुकून देवाच्या पाटावर बसावं आणि तिला कसं सांगावं कळू नये, तसा संकोच होता.

"उठता काय बाई जरा," ती म्हणाली. "पाट मोठीचा आहे."

"आई, मी आहे ना. शामा."

आईनं मान थोडी कलती केली. ते नाव तिनं हलक्या आवाजात दोनदा म्हणून पाहिलं, एकदा साधं आणि एकदा हाक मारल्यासारखं. "शामा," ती म्हणाली. "चांगलं नाव आहे."

हर्षा जिन्यावरून खाली आली होती. तिनं खाली वाकून शामलाला दंडाला धरलं, गुडघ्यांची काळजी घेत, अगदी मायेनं उठवलं, आणि दाराशी नेऊन उभं केलं. मग ती पाटावर बसली. आईनं तिला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, अंगठी-सुपारीनं ओवाळलं, निरांजनानं ओवाळलं, नवी साडी मांडीवर ठेवली. शामला चौकट धरून बघत होती. ओरडावं असं तिच्या फार मनात होतं. घशात आवाजही होता. पण कुणाच्या नावानं ओरडायचं, हे ठरेना.

ओवाळून झाल्यावर आई हर्षाजवळच खाली बसली, पाय लांब करून, एक हात मागे टेकून, जड झालेल्या बाईसारखी. दुसरा हात तिनं पदराखाली नेऊन पोटावर ठेवला.

"कवा होईल?" हर्षानं विचारलं.

"मृगाच्या बहाराची संत्री उतरतील तवा," आई म्हणाली. ती सुखात दिसत होती. तिनं हर्षाच्या केसांतल्या अक्षता एकेक वेचून काढल्या, आणि मग लाडानं तिची हनुवटी धरून विचारलं, "तुले भाऊ पायजे काय वं, का बहीण? का बाबा, तू अन् मी, आपण तिघंच बरे?"

हर्षानं मान वळवून दाराकडे, शामलाकडे पाहिलं, आणि बराच वेळ विचार करत राहिली.